जुनी सायकल जिन्याखालून शाळेपर्यंत नेताना

सोलापुरात सायकलींचा तुटवडा नाही. जुळे सोलापूर, विजापूर रोड, होटगी रोडच्या अपार्टमेंटमध्ये जिन्याखाली डोकावलं की धूळ खात पडलेल्या सायकली दिसतात. पण जिथे त्या पडून आहेत तिथे कुणाला नकोत, आणि जिथे हव्या आहेत त्या विडी घरकुल, कुंभारी किंवा पूर्व भागातल्या वस्त्यांमध्ये लागणारी सायकल वेगळीच असते. आमची संस्था चालणाऱ्यांसाठी आणि सायकलवाल्यांसाठी काम करते. जुन्या सायकली गोळा करून, दुरुस्त करून आठवीच्या पुढच्या मुलींना आणि कामावर जाणाऱ्या बायकांना देणं हा त्यातला एक भाग. तो कसा चालतो आणि कुठे अडतो, ते इथे लिहिलंय. राज्य सरकारच्या मानव विकास कार्यक्रमातून निवडक तालुक्यांतल्या आठवी ते बारावीच्या मुलींना सायकलसाठी पैसे मिळतात. ज्या मुली त्या यादीत बसत नाहीत, त्यांच्यासाठी ही खटपट.

देणगीत सगळ्यात जास्त येतात त्या लहान मुलांच्या १६ आणि २० इंची सायकली, कारण मूल वाढतं आणि सायकल छोटी पडते. त्यानंतर नंबर गिअरच्या, शॉक अ‍ॅब्सॉर्बरवाल्या सायकलींचा. हव्या असतात २४ किंवा २६ इंची, मधला दांडा खाली असलेल्या लेडीज सायकली, कॅरियर आणि बास्केटसकट. आजोबांच्या वेळची २८ इंची चाकांची काळी सायकल आली तर कारागीर खूश होतात, कारण तिचा प्रत्येक भाग खोलता येतो आणि मिळतोही. पण आठवीतल्या मुलीला ती उंच पडते. ती यंत्रमागावरच्या कामगाराला किंवा एमआयडीसीतल्या वॉचमनला जाते.

कागदाचं काम थोडकं असतं, पण चुकवायचं नाही. देणाऱ्याच्या सहीचं पत्र, सायकलचा फोटो आणि फ्रेमचा नंबर. नंबर बहुधा सीटच्या नळीवर नाहीतर पायडलच्या एक्सलच्या नळीखाली ठोकलेला असतो. डिझेलच्या बोळ्याने माती पुसली की वाचता येतो. चोरीची सायकल संस्थेच्या हातून कुणा मुलीकडे गेली तर त्रास त्या मुलीला होतो, म्हणून हा आग्रह. बरेच जण ८०जीची पावती मागतात. आयकराची ती सवलत पैशाच्या देणगीवर मिळते, वस्तूवर नाही, आणि रोख रक्कम २,००० रुपयांच्या वर गेली तर तीही धरत नाहीत. हे सायकल उचलण्याआधीच सांगावं. नाहीतर मार्चमध्ये फोन सुरू होतात.

सायकल आली की आधी सरळ उभी करून बाजूने बघायची. पुढचं चाक धरणारा चिमटा मागे सरकल्यासारखा दिसला, किंवा हँडलच्या नळीला लागून खालच्या दांड्यावरच्या रंगाला सुरकुती पडलेली दिसली, तर ती समोरून धडकलेली आहे. तिची फ्रेम आम्ही वापरत नाही. वेल्डिंगवाला ‘जोडून देतो की’ म्हणतो आणि जोडतोही, पण तापलेल्या जागेच्या शेजारचं पोलाद कमजोर होतं आणि पुढे तिथेच चीर जाते. चिमटा तुटला की चालवणारा तोंडावर आपटतो, त्यामुळे इथे दयामाया नाही. एक्सलच्या नळीजवळ आणि चेनकव्हरच्या आत गंजही बघायचा. स्क्रू ड्रायव्हरचं टोक दाबल्यावर पत्रा आत गेला तर सायकल सुट्या भागांच्या ढिगात. ढीग तीनच: रस्त्यावर जाणाऱ्या, भागांसाठी ठेवायच्या आणि भंगार. चौथा ‘बघू नंतर’चा ढीग सुरू झाला की गोडाऊन भरलंच म्हणून समजा.

गिअरच्या सायकलीबद्दल आमचं मत ठाम आहे: गिअर काढून टाकावेत. गिअरची यंत्रणा वाकली की वस्तीतल्या पंचरवाल्याकडे तिचा इलाज नसतो. मात्र एक गिअर ठेवून चेन लावण्याआधी फ्रेमला मागच्या चाकाचा एक्सल बसतो ती खाच बघावी. खाच आडवी असेल तर चाक मागे ओढून चेन ताणता येते. उभी असेल तर ताणायला जागाच नसते, चेन ढिली राहते आणि पहिल्या खड्ड्यात उतरते. अशा सायकलचे भागच वापरलेले बरे.

दुरुस्तीचा क्रम चाकं, क्रँक (पायडलचा दांडा), चेन, ब्रेक, टायर असा असतो. रंगाचा नंबर शेवटी, आणि बऱ्याचदा तो लागतच नाही. देणगीदारांना फोटोसाठी एका रंगाच्या, नाव घातलेल्या सायकली आवडतात. पण रंगाच्या पैशात दोन टायर येतात, हे त्यांना दर वेळी नव्याने समजावावं लागतं.

चाकाचं ओव्हरऑइलिंग, म्हणजे चाकाच्या मधला हब उघडून छर्रे आणि ग्रीस नव्याने बसवणं, हा सगळ्यात वेळ खाणारा आणि सगळ्यात जास्त टाळला जाणारा भाग. एक्सल काढून छर्रे मोजायचे. जुन्या पद्धतीच्या हबला पुढच्या चाकात दर बाजूला ३/१६ इंचाचे १० आणि मागच्यात १/४ इंचाचे ९ छर्रे असतात. उघडल्यावर ९ च्या जागी ६-७ सापडणं नेहमीचंच. आधीच्या कुणीतरी हरवलेले तसेच सोडून दिलेले असतात. असतील तेवढे ठेवून दोन-तीन नवे घालण्याचा मोह होतो, पण नवा छर्रा झिजलेल्यापेक्षा केसभर मोठा असतो. सगळा भार त्या दोन-तिनांवर येतो आणि ते ज्यावर फिरतात त्या कोनला खड्डे पडतात. म्हणून बदलायचे तर सगळे. कपात ग्रीसचा थर द्यायचा आणि छर्रे एकेक करून त्यात बसवत जायचं. नववा बसल्यावर थोडी फट उरते. ती असायचीच, दहावा कोंबायचा नाही. कोन, म्हणजे छर्रे दाबून धरणारा एक्सलवरचा नट, हाताने आवळून खेळ गेला की किंचित मागे फिरवायचा आणि मग लॉकनट घट्ट करायचा. जमलं की नाही याची खूण सोपी आहे. चाक उचलून व्हॉल्व्ह बाजूला धरून सोडून द्यायचा. चाक स्वतःच झुलत व्हॉल्व्ह खाली आणून थांबलं तर बरोबर, मध्येच अडकलं तर कोन जास्त आवळलाय.

चाकातला आउट, म्हणजे रिमचा वाकडेपणा, काढायला वेगळं यंत्र लागत नाही. सायकल उलटी करायची, ब्रेकच्या रबराजवळ खडू धरायचा आणि चाक फिरवायचं. खडू जिथे घासेल तिथे रिम त्या बाजूला ओढली गेलीय. समोरच्या बाजूच्या तारा पाव फेरा आवळायच्या, घासणाऱ्या बाजूच्या पाव फेरा ढिल्या करायच्या, परत फिरवून बघायचं. एकदम पूर्ण फेरा दिला की आउट पुढे सरकतो आणि शिकाऊ मुलगा संध्याकाळपर्यंत त्याच्या मागे धावत राहतो. दोन-तीन मिलिमीटरपर्यंत चालून जातं. मागच्या चाकाच्या तारा फ्रीव्हीलच्या, म्हणजे चेनच्या, बाजूलाच जास्त तुटतात, कारण त्या बाजूच्या तारांवर ताण जास्त असतो. त्यात कॅरियरवर पाण्याच्या घागरी किंवा दुसरी मैत्रीण. एक तार तुटली की शेजारच्या तारांवर ताण वाढतो, म्हणून ‘एकच तर आहे’ म्हणून सायकल पुढे पाठवू नये.

पायडल मारताना प्रत्येक फेऱ्याला ‘टक’ असा आवाज आला तर क्रँक एक्सलवर पक्का धरणारी कॉटर पिन ढिली आहे. तिचा नट जोर लावून आवळला की ती बसते असं वाटतं. खरं तर नटाने पिन ओढून आणायची नसते. पिन हातोडीने ठोकून बसवायची, खालून जड लोखंडाचा टेकू देऊन, आणि नट फक्त ती निघू नये म्हणून लावायचा. दोन्ही पिना एकमेकींच्या उलट दिशेने घालाव्यात, नाहीतर दोन पायडल एका रेषेत येत नाहीत. चेन मोजायला फूटपट्टी पुरते. नव्या चेनच्या २४ कड्या बरोबर १२ इंच भरतात, त्या १२ इंच आणि वर १/८ भरल्या की चेन बदलायची. तेल प्रत्येक कडीत एकच थेंब घालावं आणि वरचं पुसून टाकावं. इथली काळी माती तेलावर बसली की कानशीसारखी घासते. घरोघरी चेनला गोडेतेल घालायची सवय आहे. ते काही दिवसांत चिकट होतं आणि मग चेन धुवायला डिझेल लागतं.

ब्रेकची तपासणी सायकल ढकलून करतो. मागचा ब्रेक दाबून पुढे ढकलली की मागचं चाक न फिरता घासत गेलं पाहिजे. पुढचा दाबून ढकलली की मागचं चाक उचललं गेलं पाहिजे. रबर नवं असूनही ब्रेक लागत नसेल तर दोष बहुधा रिमवरच्या गंजाचा किंवा तेलाचा असतो.

आता पंचर. सोलापूरच्या कडेच्या रस्त्यांवर वेडी बाभूळ आणि सराटे यांची भागीदारी आहे. पावसाळ्यानंतर सराटे वाळून रस्त्यावर येतात आणि बाभळीचे काटे बारमाही असतात. ट्यूबला पॅच लावून टायर परत चढवला आणि दुसऱ्या दिवशी त्याच जागी पंचर, असं झालं तर काटा टायरमध्येच राहिलाय. बोटांनी चाचपू नये, बोट फाटतं. कापसाचा बोळा टायरच्या आतून फिरवायचा, काटा असेल तिथे कापूस अडकतो. भोक ट्यूबच्या रिमकडच्या बाजूला असेल तर काट्याचा संबंध नाही, तारेच्या निपलचं डोकं टोचतंय. रिमच्या आतली पट्टी (रिमटेप) बदलायची किंवा जुन्या ट्यूबची पट्टी कापून घालायची. दोन भोकं शेजारी शेजारी असली तर हवा कमी होती आणि खड्ड्यात ट्यूब रिमखाली चेपली.

तरीही पंचर म्हणून आणलेल्या कितीतरी सायकलींत ट्यूब शाबूत असते. साध्या सायकलच्या व्हॉल्व्हवर बारीक रबरी नळी चढवलेली असते, तीच गेलेली असते. उन्हाळ्यात ४० अंशांच्या वर पारा गेला की हे रबर चिकट होतं, मग चिरतं आणि हवा हळूहळू निघून जाते. व्हॉल्व्हवर थुंकी लावून बुडबुडा येतो का बघावं. आला तर नट काढून नळी बदलायची, मिनिटाचं काम. नळी व्हॉल्व्हच्या बाजूच्या भोकाच्या खालपर्यंत ओढून घ्यावी, अर्धवट चढवली तर हवा भरतानाच सुटते. सायकल देताना मुलीच्या कंपासपेटीत या नळीचा वीतभर तुकडा आम्ही टाकूनच देतो.

सायकल तयार झाली तरी अजून कुणाची झालेली नसते. सीटची उंची ज्याची त्याने बसून ठरवायची. शिकताना दोन्ही पाय जमिनीवर सपाट टेकले पाहिजेत. सराव झाल्यावर टाच पायडलवर ठेवून पाय सरळ होईल इतकी सीट वर घ्यायची. बऱ्याच मुली भीतीने खालच्याच सीटवर वर्ष काढतात आणि गुडघे दुखतात म्हणून सायकल सोडतात. सीटच्या नळीवर ‘इथपर्यंतच वर’ अशी खूण असते, तिच्या पलीकडे ओढली तर नळी वाकते. साडी नेसणाऱ्या बायकांसाठी चेनकव्हर पूर्ण हवं आणि मागच्या चाकाला साडी-गार्ड हवंच. अर्ध्या कव्हरची सायकल देऊन ‘पदर सांभाळा’ म्हणण्यात अर्थ नाही.

मोठ्या बायकांना शिकवण्याचं काम दुरुस्तीपेक्षा नाजूक. विडी वळणाऱ्या बायका पान-तंबाखू आणायला आणि तयार विड्या द्यायला कारखान्यात जातात, बाकी काम घरी. त्यामुळे त्यांचा मोकळा वेळ पहाटेचा. शाळेचं भिंतीआडचं मैदान हवं, बघ्यांची गर्दी नको. आणि नळाला पाणी यायच्या दिवशी वर्ग ठेवूच नये. त्या दिवशी कुणी येत नाही, आणि त्यात त्यांचं काही चुकत नाही. पूर्व भागात शिकवणारीला तेलुगू येत असेल तर निम्मं काम सोपं होतं. घाबरलेल्या बाईला तोल जाताना परक्या भाषेतल्या सूचना ऐकू येत नाहीत.

पद्धत अशी. दोन्ही पायडल काढून टाकायची. डाव्या पायडलचे आटे उलटे असतात, ते घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरवल्यावर सुटतं. इथे जोर लावून क्रँकचे आटे खराब करणारे नेहमी भेटतात. सीट खाली करून आधी नुसतं पायांनी ढकलत चालायचं, मग लांब ढांगा टाकायच्या, मग दोन्ही पाय उचलून घसरत जाता आलं पाहिजे. मैदानाला किंचित उतार असेल तर उत्तम. याच टप्प्यावर ब्रेकने थांबायला शिकवायचं, पायाने नाही. थांबता येतं हे कळलं की भीती निम्मी होते. मगच पायडल लावायची. मागून कॅरियर धरून पळण्याची आपली जुनी रीत आम्ही बंद केली आहे. धरणारा तोल सांभाळतो, शिकणारीच्या हाताला तो कळतच नाही, आणि सोडल्याबरोबर ती पडते. बहुतेक जणी पुढच्या चाकाकडे बघतात. त्यासाठी मैदानाच्या टोकाला एकीला उभं करून ‘तिच्याशी बोलत या’ म्हणायचं, मान आपोआप वर होते. चप्पल मागे पट्टा असलेली हवी.

मैदानावर चालवता येणं निराळं आणि अक्कलकोट रोडवर चालवणं निराळं. म्हणून सायकल देण्याआधी शाळेपर्यंतचा रस्ता मुलींबरोबर पायी चालून बघतो. तो शाळा भरायच्या किंवा सुटायच्याच वेळेला बघायचा. सुट्टीच्या दिवशी तो शहाण्यासारखा वागतो. बरोबर टेप, खडू आणि वही असते. इंडियन रोड्स काँग्रेसच्या निकषाप्रमाणे फुटपाथवर चालायला मोकळी रुंदी किमान १.८ मीटर आणि रस्त्यापासून त्याची उंची फार तर १५० मिलिमीटर हवी. टेप लावला की विजेची डीपी, टपरी आणि उभ्या मोटरसायकली वजा जाता काय उरतं ते कळतं. फुटपाथ उंच असेल आणि दर फाटकाशी तुटत असेल तर म्हातारी माणसं आणि मुली रस्त्यावरूनच चालणार. सिग्नलवर चालणाऱ्याचा वेग सेकंदाला १.२ मीटर धरतात. म्हणजे १५ मीटर रुंद रस्ता ओलांडायला साडेबारा सेकंद लागतात. सिग्नल तेवढा वेळ देतो का, ते घड्याळ लावून बघायचं.

सायकलसाठी आणखी दोन गोष्टी बघाव्या लागतात. गटारावरच्या जाळीच्या सळया रस्त्याला समांतर असतील तर बारीक टायर त्यात अडकतो; जाळी नुसती आडवी फिरवून बसवली तरी भागतं. दुसरी गोष्ट गतिरोधक. निकषाप्रमाणे तो ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच, पाठ गोलाकार असा हवा. गल्लीत बांधलेले असतात ते जेमतेम हातभर रुंद, पण उंचीला १० सेंटिमीटर किंवा त्याहून जास्त. ते चुकवायला मुली कडेच्या फटीतून सायकल काढतात, आणि तिथेच खड्डा किंवा वाळू असते. हे सगळं लिहून, फोटो आणि मापं जोडून महापालिकेच्या झोन कार्यालयात अर्ज द्यायचा. ‘रस्ता धोकादायक आहे’ असा अर्ज फायलीत जाऊन पडतो. ‘अमुक शाळेच्या फाटकापासून ४० पावलांवर, डाव्या हाताला, जाळी उलटी आहे’ असा असेल तर मुकादम येऊन बघतो तरी. उत्तर आलं नाही तर पोचपावती घेऊन परत जायचं. रस्ता सुधारेपर्यंत मुलींना आतल्या गल्ल्यांचा रस्ता आखून देतो, थोडा लांब पडला तरी. उसाच्या हंगामात अंधार पडल्यावर मोठ्या रस्त्याला यायचंच नाही. ट्रॉल्यांना मागे दिवा असेलच असं नाही. सायकलला मागे लाल, पुढे पांढरी आणि पायडलला पिवळी चमकपट्टी लावलेली असते. पायडलची पट्टी वरखाली होते, म्हणून ती लांबून आधी नजरेत भरते.

सायकल फुकट द्यायची की नाही यावर आमच्यातच दोन मतं आहेत. सध्या छोटी अनामत घेतो, दहावी-बारावी झाल्यावर सायकल परत आली की अनामतही परत. ज्या घराला तेवढंही अवघड असेल तिथे शाळेच्या मुख्याध्यापकांचा शब्द पुरतो. दुरुस्ती वस्तीतल्या पंचरवाल्याकडेच करायची आणि ठरलेलं बिल संस्थेने महिन्याला भागवायचं. आपली फुकट कार्यशाळा उघडून त्याचं गिऱ्हाईक तोडलं तर आपण निघून गेल्यावर सायकलींना वालीच राहत नाही. शाळेत एक उभा पंप आणि तो कुलूपबंद ठेवणारी दोन मुलं असावीत. हवा ४० ते ५० पीएसआय ठेवायची, उन्हाळ्यात ४० कडेच.

मे महिन्याच्या सुट्टीत सायकली पत्र्याच्या शेडबाहेर उन्हात उभ्या राहतात. हवा गेलेल्या टायरवर सायकलचं वजन पडून बाजूच्या भिंती चिरतात. म्हणून सुट्टी लागताना सायकल घरात किंवा सावलीत उलटी ठेवायला सांगतो. शाळा जूनच्या मध्याला उघडते, त्याआधीच्या आठवड्यात शाळेच्या आवारात शिबिर घेतो. पेटीत व्हॉल्व्हच्या नळ्या, ब्रेकची रबरं, कॉटर पिना, तारा, १/४ आणि ३/१६ चे छर्रे, ग्रीस, सोल्यूशन आणि घासकागद, एवढं नेलं की बहुतेक सायकली त्याच दिवशी घरी जातात. मातीच्या रस्त्याने येणाऱ्या मुलींचं मडगार्ड तेव्हाच दोन बोटं वर उचलून बांधतो. पहिल्या पावसात काळी माती टायर आणि मडगार्डमध्ये ठासली की चाक जागचं हलत नाही, आणि मुलगी सायकल खांद्यावर घेऊन शाळेत येते.